मोफत, स्वदेशी आणि मुक्त : लहान कार्यालयासाठी सामायिक दस्तऐवजांच्या सॉफ्टवेअरची निवड

प्रस्तावना

पाच-सहा जणांच्या कार्यालयाने आपली कागदपत्रे एकत्रितपणे लिहिण्यासाठी, तपासण्यासाठी व जपण्यासाठी कोणते विनामूल्य सॉफ्टवेअर स्वीकारावे, हा प्रश्न महाविद्यालयांत क्वचितच प्रश्न म्हणून चर्चेला येतो. एखादा उत्साही प्राध्यापक स्वतःच्या खात्यात फोल्डर उघडतो, त्याची लिंक व्हॉट्सॲपच्या गटावर टाकतो आणि तेवढ्याने निवड होऊन गेलेली असते. ठराव नसतो, टिपणी नसते. दोन टेबले आणि एक कपाट घ्यायचे झाले तर तीन दरपत्रके मागवणारी संस्था आपले संपूर्ण दप्तर कोणाच्या स्वाधीन करायचे हे मात्र एका दुपारी, कोणालाही न विचारता ठरवते. जेथे तुलना होते तेथेही ती साठवण किती जीबी, एका वेळी किती जणांना लिहिता येते आणि मोबाइलवर चालते का, एवढ्यापुरतीच राहते. हे निकष चुकीचे नाहीत. परंतु ते गौण आहेत. दस्तऐवज कोणाच्या नावावर आहे आणि ती प्रणाली सोडण्याची वेळ आली तर तो अखंड स्वरूपात बाहेर काढता येतो का, हे दोन प्रश्न त्यांच्या आधी यावयास हवेत, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

विवेचन नेमके व्हावे म्हणून येथे महाविद्यालयातील अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे उदाहरण समोर ठेवले आहे. समन्वयक, दोन-तीन प्राध्यापक, ग्रंथपाल आणि कार्यालयातील एक लिपिक असा त्याचा आटोपशीर व्याप. वार्षिक अहवाल, विद्यार्थ्यांचे अभिप्राय, सभांची इतिवृत्ते, उपक्रमांची छायाचित्रे ही त्याची सामग्री. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने 2017 मध्ये आणलेल्या सुधारित चौकटीपासून पुराव्यांच्या ऑनलाइन पडताळणीवर भर आला आणि या कक्षांचे काम कपाटातून संगणकावर वेगाने सरकले. पाच वर्षांपूर्वीचा कागद आज मागितला तर तो दाखवता आला पाहिजे, ही या कक्षाची पहिली गरज आहे. सर्वांना एकाच वेळी टंकन करता येणे ही त्यानंतरची.

‘फ्री’ या शब्दाचा घोळ

रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली तेव्हापासून इंग्रजीतील ‘फ्री’ हा शब्द या चळवळीला अडचणीचा ठरत आला आहे. किंमत नसलेले आणि बंधन नसलेले, हे दोन्ही अर्थ त्या एकाच शब्दात येतात. मराठीला ही अडचण मुळातच नाही. ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे दोन स्वतंत्र शब्द आपल्याकडे आहेत आणि त्यांच्यात कोणाचा गोंधळ होऊ नये. तरीही संगणकाच्या बाबतीत तो होतो, कारण येथील विचार बहुधा इंग्रजी शब्दावरून सुरू होतो.

गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह या सेवा विशिष्ट मर्यादेपर्यंत मोफत आहेत, मुक्त नाहीत. त्यांची आज्ञावली कोणाला पाहता येत नाही, स्वतःच्या यंत्रावर बसवता येत नाही. नेक्स्टक्लाउड, इथरपॅड, क्रिप्टपॅड, सिंकथिंग ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. परंतु ती चालवणे प्रत्येक वेळी मोफत पडत नाही. लहान कार्यालयाला या दोहोंपैकी कशाची गरज आहे हे ठरवण्यापूर्वी मोफतपणाचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल.

मोफतपणाची मुदत

मायक्रोसॉफ्टच्या ज्या सेवेचे नाव प्रारंभी स्कायड्राइव्ह होते, तिच्यात एके काळी 25 जीबी जागा मोफत मिळत असे. 2012 मध्ये नव्या सदस्यांसाठी ती 7 जीबी झाली, 2014 मध्ये 15 जीबीपर्यंत वाढली आणि 2015 च्या नोव्हेंबरमध्ये ती 5 जीबीवर आणण्याचे जाहीर झाले. ड्रॉपबॉक्सने मार्च 2017 मध्ये मोफत सदस्यांच्या ‘पब्लिक’ फोल्डरचे सार्वजनिक दुवे बंद केले. त्या दुव्यांच्या आधाराने उभी असलेली असंख्य पाने एका दिवसात निराधार झाली. मार्च 2019 पासून त्याच कंपनीने मोफत खाते तीनच उपकरणांपुरते मर्यादित केले. गूगलने संस्थांच्या डोमेनसाठीची मोफत आवृत्ती डिसेंबर 2012 मध्ये नव्या ग्राहकांसाठी थांबवली. जुन्या ग्राहकांनीही पैसे भरावेत असे जानेवारी 2022 मध्ये कळवले आणि मे 2022 मध्ये केवळ वैयक्तिक वापरापुरती माघार घेतली. शिक्षणसंस्थांना पूर्वी अमर्याद साठवण होती. फेब्रुवारी 2021 मध्ये संपूर्ण संस्थेसाठी मिळून 100 टीबी अशी मर्यादा जाहीर झाली आणि जुन्या संस्थांना ती जुलै 2022 पासून लागू झाली.

या घटनांत लबाडी शोधण्याचे कारण नाही. कंपनीने जे फुकट दिले ते तिने कमी केले, एवढेच घडले. करारच नसेल तर करारभंगही नसतो. आक्षेप घ्यावयाचा तो कार्यालयाच्या गृहीतकावर. आज जेवढे मोफत आहे तेवढे उद्याही मोफत असेल, हे गृहीत धरून दहा वर्षांच्या नोंदी एका जागी रचत जाणे हा नियोजनाचा अभाव होय. शंभर टीबी कोणत्याही मध्यम महाविद्यालयाला पुरून उरेल, असा युक्तिवाद केला जातो आणि तो खराही आहे. परंतु प्रश्न मर्यादेच्या आकड्याचा नसून ती मर्यादा कोण ठरवतो याचा आहे.

फोल्डर एकाचे, फाइल दुसऱ्याची

वैयक्तिक खात्यांवर चालणाऱ्या सामायिक फोल्डरचे एक वैशिष्ट्य वापरकर्त्यांच्या सहसा लक्षात येत नाही. गूगल ड्राइव्हवर समन्वयकाने उघडलेल्या फोल्डरात लिपिकाने नवी फाइल तयार केली तर फोल्डर समन्वयकाचे असले तरी फाइलची मालकी लिपिकाकडे राहते. तासिका तत्त्वावरील एखाद्या शिक्षकाने दोन वर्षे मन लावून अभिप्रायांचे तक्ते केले, त्याची नेमणूक संपली, त्याने आपले जुने खाते बंद केले, की ते तक्तेही जातात. दुष्ट हेतूची गरज नाही. विस्मरण पुरेसे आहे. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने मे 2023 मध्ये जाहीर केले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरपासून अमलात आणण्यास प्रारंभ केला. निवृत्त झालेल्या किंवा दिवंगत झालेल्या सहकाऱ्याच्या खात्यात संस्थेचा कोणता कागद होता हे तेव्हा कळते, जेव्हा दुवा उघडत नाही.

यावर उपाय नाही असे नाही. संस्थेच्या नावावर घेतलेल्या खात्यांत 2017 पासून अशी सामायिक ड्राइव्ह उपलब्ध आहे, की जिच्यातील फाइलची मालकी व्यक्तीकडे न राहता संस्थेकडे राहते. शिक्षणसंस्थांना ती मोफत आवृत्तीतही मिळते. म्हणजे येथे सुधारणा करण्यासाठी सॉफ्टवेअर बदलण्याचीही आवश्यकता नाही. वैयक्तिक खात्यावरून संस्थेच्या खात्यावर येणे पुरे. एवढी साधी गोष्ट अनेक ठिकाणी होत नाही याचे कारण तांत्रिक नसून सवयीचे आहे. संस्थेचा ई-मेल पत्ता ‘उघडायला वेळ लागतो’ आणि स्वतःचा खिशातल्या फोनवर सतत उघडाच असतो.

मालकीनंतर येतो तो बाहेर पडण्याचा प्रश्न. या बाबतीत एक भ्रम फार प्रचलित आहे. ड्राइव्हचे फोल्डर संगणकावर दिसते, ते पेन ड्राइव्हवर ओढून घेतले की प्रत झाली, असे समजले जाते. पीडीएफ किंवा छायाचित्रे यांच्या बाबतीत ते खरे ठरते. परंतु गूगल डॉक्समध्ये लिहिलेल्या दस्तऐवजाची जी फाइल संगणकावर दिसते तिच्यात मजकूर नसतोच. मजकूर कोठे आहे हे सांगणारा दुवा तेवढा असतो. खाते बंद झाल्यावर अशा शंभर फाइलींची पेन ड्राइव्ह म्हणजे शंभर रिकाम्या लखोट्यांची पिशवी होय. खरी प्रत घ्यावयाची तर फाइल वर्ड किंवा ओपन डॉक्युमेंटच्या रूपात उतरवून घ्यावी लागते. त्यासाठी गूगलने 2011 पासून ‘टेकआउट’ ही सोय ठेवली आहे आणि तिचे श्रेय दिले पाहिजे. अशी सोय प्रत्येक कंपनी देत नाही.

तथापि उतरवलेल्या प्रतीत सर्व काही येते असेही नाही. कोणी, केव्हा, कोणता बदल केला याचा इतिहास मागे राहतो. इतिवृत्तावरून वाद झाल्यास नेमका तोच हवा असतो. गूगलच्या तक्त्यांतील काही सूत्रे, उदाहरणार्थ दुसऱ्या तक्त्यातून आपोआप आकडे आणणारे सूत्र, अन्य सॉफ्टवेअरला समजत नाहीत. तेथे फार तर शेवटचा आकडा थिजून राहतो. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या गूगल फॉर्मची उत्तरे तक्ता म्हणून मिळतात, परंतु फॉर्म दुसरीकडे नेऊन पुन्हा वापरता येत नाही.

ओपन डॉक्युमेंट या स्वरूपाला 2006 मध्ये आयएसओचे मानक म्हणून मान्यता मिळाली. मायक्रोसॉफ्टच्या ओपन एक्सएमएल स्वरूपाला ती 2008 मध्ये मिळाली आणि त्या मतदानात भारताने विरोधी मत नोंदवले होते. केंद्र शासनाने नोव्हेंबर 2010 मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आणि 2015 मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. ही धोरणे महाविद्यालयांच्या परिपत्रकांच्या फाइलीत सापडतीलही. त्यांचा परिणाम कार्यालयाच्या टेबलावर शोधावा लागतो.

मराठी मजकुराची कसोटी

तुलनेच्या कोणत्याही इंग्रजी तक्त्यात न आढळणारा एक निकष येथे अटळ आहे. कार्यालयांतील जुना मराठी मजकूर मोठ्या प्रमाणावर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व पद्धतींच्या टंकांत आहे. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी अक्षरे रोमनच असतात, केवळ त्यांचे रूप देवनागरी दिसते. असा दस्तऐवज ब्राउझरमधील संपादकात उघडला, की तो टंक तेथे नसल्याने मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक पुंजका उमटतो. दोष नव्या सॉफ्टवेअरचा नसतो, परंतु ठपका त्याच्यावर येतो आणि प्रयोग तेथेच संपतो. सबब जुन्या फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर हा स्थलांतराचा पहिला टप्पा मानला पाहिजे, आणि त्यासाठी लागणारा वेळ खर्चात धरला पाहिजे. रूपांतर करणारी साधने मिळतात. परंतु जोडाक्षरे, रफार आणि आकडे यांची तपासणी माणसालाच करावी लागते.

युनिकोडमध्ये आल्यावरही एक बारीक अडचण उरते. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो : एक नुक्ता असलेल्या ‘ऱ’ पासून आणि दुसरा साध्या ‘र’ ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. शोधयंत्राला ते वेगळे वाटू शकतात. एका सदस्याने एका कळफलकावर आणि दुसऱ्याने दुसऱ्यावर लिहिलेल्या अहवालात ‘कर्मचाऱ्यांची यादी’ शोधली असता निम्म्याच जागा सापडतात, तेव्हा यादी अपुरी असल्याचा समज होतो. गटातील सर्वांनी एकच कळफलक, शक्यतो इनस्क्रिप्ट, वापरावा हा नियम कोणत्याही सॉफ्टवेअरच्या निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. तो पाळणे मात्र कठीण, कारण प्रत्येकाची बोटे वेगवेगळ्या काळात घडलेली असतात.

मुक्त पर्याय आणि त्यांची किंमत

मुक्त असण्याने प्रत्यक्षात काय साधते याचे बोलके उदाहरण इथरपॅडचे आहे. अनेकांना एकाच वेळी एकाच मजकुरावर लिहिता यावे यासाठी बनवलेली ही सेवा गूगलने डिसेंबर 2009 मध्ये तिच्या कंपनीसह विकत घेतली आणि ती बंद होणार असे जाहीर झाले. वापरकर्त्यांच्या नाराजीनंतर त्याच महिन्यात तिची आज्ञावली मुक्त परवान्याखाली खुली करण्यात आली. मूळ सेवा गेली, कंपनी गेली, परंतु इथरपॅड आजही कोणालाही आपल्या सर्व्हरवर चालवता येते. आज्ञावली खुली झाली नसती तर ते केवळ एक स्मरण उरले असते.

नेक्स्टक्लाउडची कथा याच मार्गावरची आहे. फ्रँक कार्लिचेक यांनी 2010 मध्ये ओनक्लाउड हा प्रकल्प सुरू केला. पुढे त्याच्या कंपनीशी मतभेद झाल्यावर जून 2016 मध्ये त्यांनी त्याच आज्ञावलीतून नेक्स्टक्लाउड वेगळा काढला. वापरकर्त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली नाही. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने एप्रिल 2024 मध्ये आपल्या सुमारे 30,000 शासकीय संगणकांसाठी लिबरऑफिस स्वीकारण्याचे आणि सामायिक फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड वापरण्याचे जाहीर केले, ही बाब मुक्त सॉफ्टवेअर केवळ हौशी मंडळींचे आहे हा समज दूर करण्यास पुरेशी आहे.

परंतु या उदाहरणावरून पाच जणांच्या कक्षाने स्वतःचा सर्व्हर मांडावा असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. राज्याकडे तंत्रज्ञांचा ताफा असतो. कक्षाकडे संगणकशास्त्राचा एक प्राध्यापक असतो आणि त्याच्यावर परीक्षेचे, प्रवेशाचे व संकेतस्थळाचे काम आधीच लादलेले असते. नोव्हेंबर 2023 मध्ये ओनक्लाउडमध्ये अत्यंत गंभीर असा सुरक्षादोष उघड झाला. त्यातून काही रचनांमध्ये प्रशासकाचा पासवर्डही बाहेरच्याला मिळू शकत होता. दुरुस्ती उपलब्ध होती. ती तातडीने बसवणारा माणूस जेथे नव्हता तेथे मुक्त सॉफ्टवेअरने दस्तऐवज अधिक उघडे केले, असेच म्हणावे लागेल. विजेचा खोळंबा, बिघडलेली डिस्क, न घेतलेली प्रत हे सारे स्वतःच्या सर्व्हरसोबत घरी येते. मुक्ततेचे समर्थक हा खर्च सांगताना आवाज खाली आणतात, हा त्यांच्यावरील रास्त आक्षेप आहे.

या दोन टोकांच्या मध्ये एक साधा पर्याय आहे आणि तो जुनाट वाटल्याने दुर्लक्षित राहतो. कक्षातील सर्व जण एकाच इमारतीत बसत असतील तर कार्यालयाच्या जाळ्यावरील एका संगणकावर सामायिक फोल्डर आणि प्रत्येकाकडे लिबरऑफिस एवढे पुरते. एकाने फाइल उघडली असता दुसऱ्याला तशी सूचना मिळते, त्यामुळे एकमेकांचे लेखन पुसले जात नाही. इंटरनेट बंद असले तरी काम थांबत नाही. दोन-तीन संगणकांवर तीच फाइल आपोआप राखण्यासाठी सिंकथिंग हे मुक्त सॉफ्टवेअर उपयोगी पडते. त्याला मधला सर्व्हर लागत नाही. त्याचीही मर्यादा ध्यानात घ्यावी. एका संगणकावर चुकून पुसलेली फाइल इतर संगणकांवरही तितक्याच तत्परतेने पुसली जाते, म्हणून त्याला सुरक्षित प्रत समजता येत नाही. शिवाय घरून काम करणाऱ्याची सोय सामायिक फोल्डरात होत नाही, आणि अहवालाची अखेरची तारीख जवळ आली की सर्वच जण घरून काम करतात.

स्वतःचा सर्व्हर हवाच असेल तर तो महाविद्यालयाच्या नव्हे, विद्यापीठाच्या पातळीवर असणे योग्य होय. केरळमध्ये 2001 साली सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने राज्यातील शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर रुजवले, कारण सॉफ्टवेअर तयार ठेवण्याचे व शिक्षकांना शिकवण्याचे काम एका मध्यवर्ती यंत्रणेने उचलले. प्रत्येक शाळेवर टाकले नाही. संलग्न महाविद्यालयांकडून दरवर्षी शुल्क घेणाऱ्या विद्यापीठांनी नेक्स्टक्लाउडसारखी एक सेवा चालवून प्रत्येक महाविद्यालयाला त्यात जागा देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. परिपत्रके पाठवण्याच्या मानाने ते कष्टाचे आहे, एवढेच.

स्वदेशी म्हणजे मुक्त नव्हे

अलीकडे या चर्चेत तिसरा शब्द आला आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना झोहोचे ऑफिस सॉफ्टवेअर वापरण्याची सूचना दिली, तेव्हापासून महाविद्यालयांतही स्वदेशी सॉफ्टवेअरचा आग्रह धरला जाऊ लागला आहे. झोहो ही 1996 मध्ये स्थापन झालेली, भारतात मुळे असलेली कंपनी आहे आणि तिचा ‘रायटर’ 2005 पासून उपलब्ध आहे. म्हणजे तो गूगलच्या दस्तऐवज-सेवेहूनही जुना. भारतीय भूमीवर साठवण आणि भारतीय कायद्याच्या कक्षेतील कंपनी हे लाभ खरे आहेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये संमत झाल्यानंतर विद्यार्थ्यांचे दूरध्वनी क्रमांक, जातीचे दाखले, गुणपत्रके असलेली कागदपत्रे कोठे आहेत, हे संस्थेला सांगता यावयास हवे.

परंतु मालकी आणि बाहेर पडणे या दोन प्रश्नांना ‘स्वदेशी’ या शब्दातून उत्तर मिळत नाही. झोहोची आज्ञावलीही बंदिस्तच आहे. तिच्या मोफत मर्यादाही कंपनीच ठरवते. तेथेही कोणी वैयक्तिक खात्यावरून फोल्डर उघडले तर तासिका तत्त्वावरील शिक्षकाची गोष्ट जशीच्या तशी पुन्हा घडेल. अभिमान ही निवडीची प्रेरणा असू शकते; तपासणीला ती पर्याय ठरत नाही.

निवडीपूर्वीची तालीम

यावरून व्यवहारात एक रीत सुचवता येते. सॉफ्टवेअर स्वीकारण्यापूर्वी ते सोडण्याची तालीम करावी. मागील वर्षाचा एक खराखुरा वार्षिक अहवाल घ्यावा. त्यात मराठी मजकूर, तक्ते, छायाचित्रे आणि दोघांचे शेरे असावेत. तो निवडलेल्या प्रणालीत चढवावा, तिघांनी त्यावर आठवडाभर काम करावे, आणि मग तो ओपन डॉक्युमेंटच्या रूपात उतरवून, इंटरनेट काढून टाकलेल्या दुसऱ्या संगणकावर लिबरऑफिसमध्ये उघडून पाहावा. काय हरवले याची यादी करावी. ती यादी कार्यालयाला सोसवत असेल तर प्रणाली गूगलची असो, झोहोची असो वा नेक्स्टक्लाउडची, ती घेण्यास हरकत नाही. त्यानंतर दर सत्राच्या अखेरीस हीच क्रिया सर्व फाइलींसाठी करून प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावी आणि तिची नोंद जड वस्तूंच्या नोंदवहीप्रमाणे एका वहीत, तारीख व स्वाक्षरीसह करावी. हे काम लिपिकाच्या कर्तव्यसूचीत लेखी असावे, कारण जे लेखी नसते ते बदलीनंतर कोणाचेच नसते.

संस्थेच्या खात्यांचा आग्रह धरताना आणखी एका जागी पाहावे लागते. ही खाती संस्थेच्या डोमेनवर उभी असतात. शैक्षणिक डोमेनची नोंदणी अर्नेट इंडियाकडे होते आणि तिचे नूतनीकरण ठरावीक मुदतीने करावे लागते. नोंदणीच्या अर्जावर संपर्क म्हणून ज्या व्यक्तीचे नाव, ई-मेल आणि मोबाइल क्रमांक आहे ती व्यक्ती आज संस्थेत आहे का, हे आधी तपासावे. पुष्कळदा तो क्रमांक संकेतस्थळ करून देणाऱ्या कंत्राटदाराचा किंवा दोन प्राचार्यांपूर्वीच्या प्राचार्यांचा निघतो.